अपयश आणि अपलाप

दिल्लीतील माझ्या एका मराठी स्नेह्यांचा मुलगा एलएल. बी.च्या परीक्षेत करारविषयक कायद्याच्या पेपरात नापास झाला. घरावर सुतकाची कळा आली. पेपर पुन्हा देऊन तो सुटेल, याविषयी कोणालाच शंका नव्हती. प्रश्न पुढचा होता. उद्या एखाद्या नाणावलेल्या वकिलांकडे उमेदवारी मागताना हे सांगावे की झाकावे? ‘विचारलेच तर आजारी होतो म्हणून सांग,’ असे आई म्हणाली. वडील गप्प राहिले.

अपयशाने वाट अडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुणपत्रकावर नजर टाकून अर्ज बाजूला सारणारे पुष्कळ असतात. परंतु ही हानी संधीची आहे, योग्यतेची नव्हे. १९६१ चा अधिवक्ता अधिनियम सनदेसाठी कायद्याची पदवी मागतो. ती कितव्या खेपेस मिळाली, हे विचारीत नाही. महत्त्वाच्या गोष्टीविषयी खोटे सांगून पटावर नाव चढविले असेल, तर ते काढून टाकण्याची तरतूद मात्र त्यात आहे.

गांधीजी विलायतेत बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असताना लंडनच्या मॅट्रिक परीक्षेत लॅटिनमध्ये नापास झाले होते. पुन्हा बसून ते उत्तीर्ण झाले. पुढे त्याच लॅटिनमुळे त्यांना रोमन कायदा मुळातून वाचता आला. हे सारे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर, गंमत अशी की, बुडालेल्या पेपरातच आहे. १८७२ च्या करार कायद्याचे १७ वे कलम सांगते, की बोलण्याचे कर्तव्य नसेल तेथे केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. पण फसविण्याच्या हेतूने केलेले असत्य विधान हे कपटच होय. आपले अपयश चव्हाट्यावर मांडण्याचे बंधन कोणावर नाही. विचारल्यावर आजाराचे सोंग आणणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

आपण नोकरदार माणसे. गोपनीय अहवालातील एका शेऱ्यावरून आपली उभी चाकरी कोणी जोखू नये, असे आपल्याला वाटते. मग मुलाला एका पेपरावरून आपणच का जोखावे? ‘आजारी होतो’ हे त्याच्या तोंडी घालताना, नापास होणे खोटे बोलण्याहून लाजिरवाणे आहे, हाच धडा आपण त्याला देतो. खरे सांगितल्याने एखादी जागा हुकेलही. परंतु ज्याच्या शब्दावर पुढे पक्षकाराने विसंबायचे, त्याने पहिलाच शब्द खोटा उच्चारावा काय?

पेपर पुन्हा देता येतो. विश्वासाची फेरपरीक्षा क्वचितच मिळते.