हक्कसोडपत्रातील ‘मी’

हक्कसोडपत्र ही कोकणातील गद्याची बहुधा सर्वांत कमी वाचली गेलेली संहिता असावी. मालवण, वेंगुर्ले, देवगड येथील दुय्यम निबंधक कार्यालयांत नोंदल्या जाणाऱ्या अशा दस्तांत बहीण प्रथमपुरुषी एकवचनात बोलते आणि वडिलार्जित मिळकतीतील आपला हिस्सा ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ भावाच्या लाभात सोडते. हा ‘मी’ तिने रचलेला नसतो. तो दस्तलेखकाच्या साच्यातून येतो. दडपण नाही असे आवर्जून सांगावे लागणारे वाक्य दडपणाची शक्यता आधीच मान्य करून बसलेले असते, ही गोष्ट सहसा नजरेआड होते.

जे. एल. ऑस्टिन यांच्या मांडणीनुसार काही उक्ती वर्णन करीत नाहीत, त्या कृतीच घडवितात. मात्र त्यासाठी बोलणाऱ्याला तसा अधिकार असावा लागतो. ‘सोडते’ ही अशीच उक्ती. जे कधी हाती आलेच नाही ते सोडता येते काय, हा येथील खरा नैतिक प्रश्न आहे. त्यागाला आधी ताबा लागतो.

कायद्याने हा ताबा फार सावकाश दिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वारस ठरली, परंतु पुरुष वारसांनी वाटणी केल्याखेरीज राहत्या घराची वाटणी तिला मागता येत नसे. अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून विभक्त झालेली असेल तरच त्या घरात राहण्याचा हक्क. म्हणजे माहेरचे छप्पर मिळण्यासाठी आधी संसार मोडावा लागे! महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला जन्मतः सहदायाद मानले, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद आणि घराविषयीचे ते कलम, दोन्ही काढले. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात २०२० साली स्पष्ट केले.

मालवण किनाऱ्यावर या प्रश्नाला एक वेगळे परिमाण आहे. मुंबईस गेलेला चाकरमानी चतुर्थीला आठ दिवस येतो. उरलेले वर्ष घर बंद. तरी त्याच्या अनुपस्थितीने हक्क क्षीण होतो असे कोणी मानीत नाही. शेजारच्या गावात दिलेली बहीण मात्र ‘परक्या घरची’ होते. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि किनाऱ्यावरील ज्या वाळवट जमिनीकडे पूर्वी कोणी पाहत नव्हते तिला भाव आला. सातबाऱ्यावरील बहिणींची नावे त्यानंतरच अनेकांना खुपू लागली, हा योगायोग म्हणणे कठीण.

‘लग्नात दिले की’ हा नेहमीचा युक्तिवाद. दिले ते सासरला, तिला नव्हे. आणि हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. एका गुन्ह्याच्या आधारे दुसरा हिशेब चुकता करण्याची ही रीत तर्काला धरून नाही.

तरीही प्रत्येक सहीला फसवणूक म्हणणे हा त्या बाईचाच अवमान ठरेल. भावाची ओढग्रस्त स्थिती पाहून मनापासून हिस्सा सोडणाऱ्या बहिणी आहेत, आणि त्यांची कृती उदारच आहे. फरक ओळखण्याची एक कसोटी संभवते : तिने ‘नाही’ म्हटले असते तर चतुर्थीला त्या घराचे दार तिच्यासाठी उघडले असते काय? ज्या घरात ते उघडले असते, तेथील सही दान आहे. जेथे नकाराची किंमत माहेर तुटणे हीच असते, तेथे ‘राजीखुशीने’ हा शब्द दस्तलेखकाचा, तिचा नव्हे.