वाटेवरचे भोजन व घरची पंगत

यरुशलेमेहून अम्माऊस गावी चाललेल्या दोघा शिष्यांनी वाटेत भेटलेल्या अनोळखी सोबत्यास आग्रहाने मुक्कामी ठेवून घेतले (लूक २४). वाटेवर शास्त्राचा उलगडा ऐकूनही जे त्यांस कळले नाही, ते पंक्तीस बसून भाकर मोडली जाताच कळले: हा तर प्रभूच!

याउलट अंत्युखियास पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेकडील मंडळी येताच भिऊन तो पंक्तीतून निघाला (गलती २). पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. कारण पंक्तिभेद हा सुवार्तेशीच विरोध होय.

प्रिय बंधुभगिनींनो, १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने खाणावळीचे दार सर्व जातींस मोकळे केले. प्रवासात आपण कोणाच्याही शेजारी बसून जेवतो. परंतु घरच्या चुलीपर्यंत कायदा पोहोचत नाही. तेथे प्रीतीनेच पोहोचले पाहिजे. पूर्वीची जात स्मरून जो बंधूच्या घरचे अन्न टाळितो, तो प्रभुभोजनाच्या मेजाशी कोणत्या तोंडाने येईल?

म्हणून आम्ही विनवितो, ज्यांच्याबरोबर आपण कधी जेवलो नाही, अशा एका कुटुंबास येत्या रविवारी उपासनेनंतर घरी बोलवावे. त्यांचे बोलावणे आल्यास आनंदाने जावे. पिठले-भाकर पुरे आहे. अम्माऊसासही भाकरच होती.