सरळ रेषा आणि गोल पृथ्वी

नियम सर्वांना सारखा असावा, ही न्यायाची पहिली अट आपण मानतो. ज्यांचे आयुष्य सरकारी कामात जाते त्यांना तर ती निराळी सांगावयास नको. परंतु नियम सारखा लावला म्हणजे न्याय झालाच काय? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील लहान गावे आणि काउंट्या वारंवार आठवतात. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्या-जिल्ह्यासारखाच कारभाराचा विभाग.

१७८५ साली तेथील काँग्रेसने जमीनमोजणीचा कायदा केला. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप; तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा; आणि १६ क्रमांकाचा भाग शाळेसाठी राखीव. ओहायो नदीकाठी मोजणीस आरंभ झाला आणि या चौकटी पश्चिमेकडे आयोवापर्यंत व त्याहीपुढे पसरत गेल्या. आपल्याकडे गाव आधी आणि नकाशा मागाहून. तेथे बहुतेक ठिकाणी नकाशा आधी आणि गाव मागाहून. घरे उभी राहण्यापूर्वीच शाळेची सोय पाहणारा हा कायदा दूरदर्शी होता, यात शंका नाही.

मात्र मोजणीदारांपुढे एक अडचण होती. पृथ्वी गोल असल्यामुळे रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांजवळ येत जातात आणि चौरस चौरस राहत नाहीत. म्हणून ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेषा आखून तेथून मोजणी नव्याने सुरू करीत. आजही नाकासमोर उत्तरेस जाणारा रस्ता अशा रेषेपाशी एकाएकी बाजूस वळतो आणि पुन्हा सरळ होतो.

पृथ्वीच्या गोलाईची एवढी काळजी घेणाऱ्या या पद्धतीत, त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्या माणसांसाठी मात्र कोणतीच दुरुस्ती नव्हती. सॉक आणि मेस्क्वाकी या जमातींना १८४२ च्या करारान्वये १८४५ पर्यंत आयोवा सोडावे लागले. याच सुमारास तेथील काउंट्यांना त्यांच्याच नायकांची नावे देण्यात आली : ब्लॅक हॉक, वापेलो, पोवेशीक, टेमा. माणसे गेली, नावे राहिली. नकाशावरील असा गौरव हा न्यायाचा मोबदला होऊ शकत नाही.

पण काही मेस्क्वाकी मागे राहिले, काही परत आले. १८५६ साली आयोवाच्या विधिमंडळाने त्यांना राहण्याची परवानगी देणारा कायदा केला. १८५७ साली त्यांनी टेमा काउंटीत १,००० डॉलर देऊन ८० एकर जमीन विकत घेतली. सरकारी जमिनीचा सर्वसाधारण दर तेव्हा एकरी सव्वा डॉलर होता; यांना साडेबारा पडले. खरेदीखत गव्हर्नरांच्या नावे, विश्वस्त म्हणून झाले. आज त्या वसाहतीची जमीन ८,००० एकरांहून अधिक आहे. आपलीच भूमी विकत घ्यावी लागणे हा पुरा न्याय नव्हे. तथापि ती एक दुरुस्तीची रेषा होती, एवढे मान्य केले पाहिजे.

कोणी म्हणेल, नियमाला अशी वळणे दिली तर वशिल्याला वाट मिळेल. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच मोजणीदारांची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांची दुरुस्ती लहरीवर अवलंबून नव्हती. ती ठरल्या जागी, उघडपणे आणि सर्वांसाठी केलेली होती. आयोवातील दुरुस्तीही कोणा अंमलदाराच्या मेहेरबानीने झाली नाही, ती कायद्याने झाली.

नियम करणारा बहुधा दूर असतो. रेषा आणि जमीन यांतील अंतर दिसते ते जागेवर असलेल्या कारकुनाला, मोजणीदाराला, मामलेदाराला. रेषा स्वतःच्या हाताने वाकविण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु ती कोठे चुकते हे दप्तरी नोंदवून वर कळविणे त्याच्या हाती आहे. आम्हांस वाटते, त्याचे कर्तव्य येथूनच सुरू होते.