नटाचा पत्ता आणि शोधयंत्राची साक्ष

जानेवारी 2024 मध्ये शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडला झालं. अध्यक्ष होते जब्बार पटेल. अशा ठिकाणी रंगमंचावर ओळखीचा नट दिसला की शेजारचा प्रेक्षक मोबाइल काढून त्याचं नाव शोधतो. वर येते ती गूगलची माहितीची चौकट, मग विकिपीडिया, इन्स्टाग्राम, आणि त्याखाली ‘वय, पत्नी, संपत्ती’ सांगणारी पानं. नटाचं स्वतःचं संकेतस्थळ असलंच, तर बहुधा कुठेतरी तळाशी.

यात अन्याय आहे, पण कारस्थान नाही. ‘मीच खरा’ असं स्वतः म्हणणाऱ्याला शोधयंत्र फारसं विचारत नाही. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँकचा गाभा एवढाच होता की तुमच्याकडे कोण बोट दाखवतं आणि त्या दाखवणाऱ्याला स्वतःला किती वजन आहे. त्यात आज इतर अनेक निकष मिसळले, तरी पाया तोच. चाकणच्या एमआयडीसीत हे समजावून सांगावं लागत नाही. शॉपच्या भिंतीवर गुणवत्तेचं ब्रीद किती मोठ्या अक्षरांत रंगवलंय हे तिथे कुणी पाहत नाही. कुठल्या मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड मिळालाय, ते विचारतात.

ही पद्धत चालतेही. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या नावाचा डॉट कॉम पत्ता भलत्याच माणसाने घेऊन ठेवला होता. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाने 2001 मध्ये गायकाची तक्रार फेटाळली आणि त्याचं अधिकृत संकेतस्थळ डॉट नेटवर राहिलं. पण जगभरची वर्तमानपत्रं आणि चाहते त्याच पत्त्याकडे बोट दाखवत असतील, तर नावातल्या ‘कॉम’वाचून फार अडत नाही.

आपल्याकडे अडतं ते इथेच. मराठी वर्तमानपत्रं एखाद्या नटावर वर्षानुवर्षं लिहितात, पण त्याच्या संकेतस्थळाचा दुवा क्वचितच देतात. शिवाय 2000 च्या आसपासची कितीतरी मराठी पानं श्रीलिपीच्या जातीच्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये होती. वाचणाऱ्याला पडद्यावर ‘नाटक’ दिसायचं. यंत्राच्या हाती मात्र अर्थहीन रोमन अक्षरं आणि चिन्हं लागायची. ती अडचण सरली, तर आता कलावंताच्या संकेतस्थळावर सगळा मजकूर इंग्रजीत, आणि भोसरीचा रसिक शोधतोय देवनागरीत. यातला दोष गूगलचा नाही, आपला आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘अस्सल कोणतं’ हा प्रश्न याच पट्ट्यातल्या वह्यांच्या आधारे एकदा फार गंभीरपणे हाताळला गेला होता. मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांच्या गाथेचा पहिला खंड 1869 मध्ये निघाला. त्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखित वह्या ताडून पाहिल्या गेल्या. यातली पहिली तिन्ही गावं चाकणच्या आसपासची, आणि तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे म्हणून परंपरा ज्यांना ओळखते ते संताजी जगनाडेही चाकणचेच. त्या संपादनावर पुढे वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण वही कुणाच्या घरची, ती तुकोबांच्या किती जवळून आली, याला तिथे किंमत होती. शोधयंत्र साक्षीदाराचं वजन बघतं, जवळीक बघत नाही. म्हणून नटाबरोबर शेकडो प्रयोग केलेल्या नाटक मंडळीच्या शब्दापेक्षा, त्याला कधी न पाहिलेल्या कुणीतरी घाऊक भावाने लिहिलेलं पान जड भरतं.

जवळचेही खोटं बोलतात, हे मान्य. आमच्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहिले की जवळच्यांच्या साक्षीवरचा विश्वास चांगलाच डळमळतो. तरीही नाट्य परिषद, महापालिकेची नाट्यगृहं आणि नाट्यसंस्था यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याकडे वजनही आहे आणि जवळीकही. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात प्रयोग लागला, तर त्याच्या ऑनलाइन जाहिरातीत कलावंताच्या नावावर त्याच्या स्वतःच्या पत्त्याचा दुवा द्यायला पैसे पडत नाहीत. कलावंतानेही निदान एक पान धड मराठीत, युनिकोडमध्ये लिहावं, आणि विकिपीडियावरच्या आपल्या नोंदीत तो पत्ता बरोबर आहे ना, हे पाहावं.

आणि पत्त्याचं वार्षिक नूतनीकरण मॅनेजरवर सोडू नये. पत्ता सुटला तरी जुने दुवे तिकडेच वळलेले राहतात. तो विकत घेणारा त्या साऱ्या साक्षीचा आयता धनी होतो आणि नटाच्या नावाखाली जुगाराची जाहिरात लावतो. मार्च 2024 मध्ये गूगलने सोडलेल्या पत्त्यांचा असा गैरवापर स्पॅमच्या यादीत घातला खरा, पण पकडलं जाईपर्यंत ती जाहिरात त्याच नटाच्या नावावर चालत राहते.