आपल्यावाचून राहता यावं

रायगडावर वाघ्या कुत्र्याचं स्मारक आहे. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, या आख्यायिकेला इतिहासात आधार किती, यावर वाद आहेत. टोकियोच्या शिबुया स्थानकावर हाचिको हा कुत्रा १९३५ साली मरेपर्यंत दिवंगत मालकाची वाट पाहत राहिला, त्याचाही पुतळा झाला. मालकावाचून जगू न शकणारं कुत्रं आपल्याला थोर वाटतं. मला या कौतुकाचीच धास्ती वाटते, कारण त्यापायी कुत्र्याचा त्रास आपण प्रेमाच्या खात्यावर मांडतो.

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशी, चिखली, रावेतच्या सोसायट्यांत हा त्रास रोज ऐकू येतो. करोनाकाळात घरं दिवसभर भरलेली होती, तेव्हा आणलेल्या पिल्लांना एकटेपण ठाऊकच नव्हतं. पुढे हिंजवडीची ऑफिसं उघडली. चाकण-भोसरीच्या कामगाराचं तर वेगळंच: आज फर्स्ट शिफ्ट, काही दिवसांनी सेकंड, मग नाइट. माणूस कॅलेंडर बघतो, कुत्र्याला फक्त दार लागल्याचं कळतं. गावाकडच्या पडवीत राबता असायचा. फ्लॅटचं बंद दार कुत्र्याच्या जातीला नवं आहे.

दार ओरबाडणं, लाळ गळणं, घरात लघवी, सततचं विव्हळणं. बहुतेकदा हे मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतं. "मुद्दाम करतो, राग काढतो," असं लोक म्हणतात. तो सूड नसतो, ती घबराट असते. संध्याकाळी येऊन ओरडलात, तर कुत्र्याला सकाळच्या फाटक्या उशीशी त्याचा संबंध लावता येत नाही. आता तुमच्या येण्याचीही भीती बसते.

उपाय आहे, पण सावकाशीचा. किल्ली उचलायची, बूट घालायचे आणि तसंच बसून चहा प्यायचा. किल्ली म्हणजे विरह, हे समीकरण असंच सुटतं. मग काही सेकंद बाहेर, घाबरण्याआधी परत. वेळ हळूहळू वाढवायचा. या काळात त्याला सोसवेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही, आणि शिफ्टवाल्या घराला हेच सगळ्यात जड जातं. तेव्हा शेजारच्या आजी किंवा उलट्या पाळीतला मित्र यांच्याकडे मोकळेपणाने मदत मागावी. दुसरं कुत्रं आणून सहसा भागत नाही, कारण पहिल्याला हवं असतं ते माणूस. लघवीचा आजार नाही ना, हे पशुवैद्याकडून आधी तपासून घ्यावं. गरज पडली तर ते फ्लुऑक्सेटीनसारखं औषध देतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सोबत सराव लागतोच.

कुत्र्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगितलं आहे. पण नाइट करून आलेला शेजारी भिंतीपलीकडे दुपारी झोपू पाहतो, त्याची तक्रारही खोटी नाही. त्याला कायदा दाखवण्याआधी काय उपचार चालू आहेत ते सांगा. आणि पिल्लू आणायचा विचार असेल, तर पाळ्यांचा तक्ता समोर ठेवून घरात कोण कधी असेल ते लिहून काढा. बरेच तास रिकामे दिसले, तर कृपा करून आत्ता आणू नका.