बटनाचा बाजार आणि घराची अब्रू

ऑक्टोबर २०२३मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेने छत्रपती संभाजीनगरात व पैठण एमआयडीसीत छापे टाकले. कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन असा अडीचशे कोटींहून अधिक किमतीचा माल सापडला. शहर हादरलं आणि 'बड्या लोकांचे धंदे' म्हणून कामाला लागलं.

शहरातल्याच चिकलठाण्यातल्या कामगाराच्या पोराला कोकेन परवडत नाही. त्याच्या खिशात असतं ते बटन. हे बटन म्हणजे बहुधा नायट्राझेपाम किंवा त्याच जातीची झोपेची गोळी. पाकिटातून कात्रीने कापलेली, सुटी, कोपऱ्यावर हातात टेकवलेली. पोरं म्हणतात, "दारूसारखा वास येत नाही, घरी कळत नाही." वास येत नाही, पण जीभ जड होते, भान सुटतं आणि हात उगारताना समोर कोण आहे हेही कळत नाही. त्यावर दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध घेतलं, तर झोपेतच श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. रोजची सवय एका दिवसात तोडली, तर झटके येतात. म्हणूनच पोराला खोलीत कोंडून 'आपोआप सुटेल' म्हणणारा बाप नकळत त्याच्या जिवाशी खेळत असतो.

ही गोळी जंगलात उगवत नाही. कारखान्यात बनते, बिलावर निघते. १ मार्च २०१४पासून अशी औषधं औषध नियमांच्या 'एच-१' परिशिष्टात आहेत. विकताना दुकानदाराने डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि नग वेगळ्या वहीत लिहायचे, वही तीन वर्षं जपायची. ती वही नियमाने तपासली, तर कुठून गळती होते ते कळायला वेळ लागणार नाही. रात्री पोरांना धरून नेल्याचे फोटो छापून येतात, पण त्या वहीचा हिशेब कोण मागतो?

हिशेब आपणही द्यायला हवा. पोराला कावीळ झाली तर आपण गल्लीभर औषध विचारतो. व्यसन लागलं की दार लावून घेतो. सोयरिकी मोडतील, लोक काय म्हणतील! विकणाऱ्याला हेच हवं असतं. आपल्या अब्रूच्या आडोशाला त्याचा धंदा बिनघोर चालतो.

व्यसन हा आजार आहे, हे डॉ. अनिता अवचटांनी १९८६मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभं करून दाखवून दिलं. कायदाही माणुसकीला वाव ठेवतो: अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून संरक्षण देतं. चिकलठाण्यात मिनी घाटी म्हणजे जिल्हा रुग्णालय आहे, शहरात घाटी या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६ हा फोन आहे.

तेव्हा आईबापांनी पोराला मारण्याआधी डॉक्टरकडे न्यावं. गणेश मंडळांनी आणि जयंती उत्सव समित्यांनी डीजेच्या वर्गणीतला वाटा उपचारासाठी काढावा. आणि गोळी सुटी विकणाऱ्याचं नाव कुजबुजत न बसता अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्यावं. अब्रू जायचीच असेल, तर ती विकणाऱ्याची जाऊ द्या.