मागच्या मालकाची पुट्टी

जुन्या प्रीमियर पद्मिनीचा रंग खरवडला की दारांखाली कधी पत्र्याऐवजी जाड पुट्टी निघते आणि तिच्या आत गंजाचा भुगा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीचे मूळ १९५३ च्या फियाट ११०० मध्ये आहे. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे लपवलेला गंज हा दिसण्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

पुट्टी भरणारा निघून गेलेला असतो, भोगतो नवा मालक. न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येणे, म्हणजे अकृताभ्यागम, हा भारतीय दर्शनांनी मोठा दोष मानला. तो टाळण्यासाठी पूर्वजन्माचा आधार घेतला गेला. पुट्टीचा भार मात्र पूर्वजन्मावर टाकता येत नाही, आणि नव्या मालकाला दोषी ठरवणे उघड अन्याय आहे.

अधिक उपयोगी वाट धर्मशास्त्रात सापडते. याज्ञवल्क्यस्मृती मालमत्ता घेणाऱ्यावर मृताचे ऋणही टाकते. बापाचे मद्याचे वा जुगाराचे कर्ज मात्र मुलावर लादत नाही. दोष एकाचा, देणे दुसऱ्याचे असू शकते. गाडी विकत घेणारा वारस नसतो, तरी गंज कापून नवा पत्रा वेल्ड करण्याचे देणे त्याचेच, कारण तिच्यात माणसे बसणार असतात.

मागच्या मालकाकडे कदाचित पैसा नसेल, सुटा भाग मिळत नसेल. अशा अडचणीत केलेले कच्चे काम समजून घेता येते. विकताना ते झाकणे क्षम्य होत नाही. सदोष किंवा झाकलेला माल विकण्यास मनुस्मृतीचीही मनाई आहे, आणि ती पुढच्या विक्रीला तितकीच लागू पडते.